बोरीकाठचा रविवार

आठ दिवस डोहात कुजली अंबाडी,
वास अंगाला लागून घरी आला.
मोबाइलवाला पितांबर नाक दाबून वाख सोलतो,
नर्सबाई मांडीवर पीळ देतात.
माझा ढेरा नुसता गरगरतो.

धुडकू आप्पा समजावून सांगत नाहीत.
हात धरतात, सोडतात.
"हातले माहीत शे, तू उगी राय."

संध्याकाळी विहिरीवर परीक्षा.
माझा दोर कुठे करंगळीएवढा, कुठे अंगठ्याएवढा;
भरली बादली अर्ध्यावर आली
आणि गेली.

कुणी हसलं नाही. म्हणजे, थोडं हसलेच.
मग शकिलाबीच्या दोराला गळ बांधून
अंधार पडेपर्यंत पाणी चाचपलं.

बादली निघाली. तिच्या कडीला
माझी गाठ तशीच, घट्ट.
"गाठ तं बेस मारी तू," आप्पा म्हणाले.

पीळ पुढच्या रविवारी.