खंड

तीस एप्रिलच्या रात्री भोजराजचा फोन आला,
स्टुटगार्टहून. तिकडे अजून ऊन होतं.
खैरीटोल्यात रेंज येते ती ग्रामपंचायतीच्या पायरीवर,
आणि किल्ली माझ्याकडे,
म्हणून त्याच्या मायला, गिरजाबाईला,
तिथंच आणून बसवलं होतं.

तो म्हणाला, पत्र आलं.
गाड्यांचे ब्रेक बनवणारी त्याची कंपनी,
चारशे माणसं कमी करतेय.
पत्रात तारीख आहे, कारण आहे,
दाद कुठे मागायची तो पत्ता आहे.
तीन महिने पगार चालू.
कामगारांच्या बाजूनं बोलायला एक बाई असते,
तिनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं,
आणि सगळं दोनदा समजावलं.
एवढं सांगून त्याला पुढे बोलवेना.

गिरजाबाईनं मला कोपरानं ढोसलं,
"तीन महिने बसून पैसे देऊन रायले,
मंग काहून रडून रायला हा?"

तिनं सत्तावीस वर्षं राईस मिलमध्ये कोंडा झाडला.
तिथं पत्र नसतं.
मुकादम सकाळी फाटकाशी नावं घेतो.
एखादं घेत नाही.
पुढचं घेतो.

माझ्या वेळी काय होईल, तेही मला ठाऊक आहे.
पोर्टल म्हणेल, पासवर्ड चुकीचा.
मी तीनदा टाकीन,
माझ्याच बोटांवर संशय घेत,
मागे सातबारा मागणारी रांग कुजबुजत असेल,
आणि नागपूरची एजन्सी फोन उचलणार नाही.
एजन्सी मी पाहिलेली नाही.
पगाराच्या मेसेजात तिचं नाव येतं,
कधी दोन महिन्यांनी, कधी पाच.

"नोकरी गेली की इथं राहायचा कागदही जातो,"
भोजराज हळू म्हणाला, मायला ऐकू जाऊ नये असं.
"मुलगी इथल्या शाळेत आहे, तिला आता मराठीत रागावताही येत नाही.
तुझं बरं आहे, पौर्णिमा.
तुला गावातून कोण काढणार?"

खरं होतं ते. आणि मला राग आला.

त्याची भीती बांधलेल्या विहिरीसारखी आहे,
पायऱ्या मोजता येतात,
पण तळाशी पाणी खरंच खोल.
आमची भीती म्हणजे धानाच्या बांधीतला चिखल.
त्यात कुणी बुडत नाही.
पाय वाळवून बाहेर आलेलंही
मी कुणी पाहिलं नाही.

"उद्या इथं सुट्टी," तो म्हणाला, "कामगार दिन."
इथंही, मी म्हटलं.
पण मला सुट्टी नाही, खंड आहे.

त्याला समजावून सांगावं लागलं.
अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस आपण कुणीच नाही,
मग पुन्हा अकरा महिने,
म्हणजे सलग नोकरी केली असं कुणाला म्हणता येऊ नये.
हा दिवस दरसाल मागे सरकतो,
अधिक महिना नसलेल्या सणासारखा.
मागल्या साली मे सरताना होता, यंदा मे लागताना.

तो खूप वेळानं हसला.
"गुरुजींनी खंड सातच शिकवले होते गं."

सकाळी झेंड्याची दोरी मीच बांधली,
किल्ली माझ्याकडे असते म्हणून.
सरपंच बोलले, बुंदी वाटली, माणसं पांगली.
हजेरीत माझ्या नावापुढे आडवी रेघ.
तेवढ्यात सुखदेव हटवार काठी टेकत आले,
नातीच्या दाखल्यासाठी.

आबाजी, आज मी कामावर नाही, म्हटलं.
कागदावर मी आज नाहीच.

त्यांनी चष्मा पुसून घातला,
मला नीट पाहिलं.
"मंग समोर कोन बसली हाये?"

मी मशीन लावलं.
पासवर्ड टाकला.
पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं,
आम्ही दोघं पाहत बसलो.