सनद

भवानी पेठेत लाकडाच्या वखारीवर माडीची खोली.
खाली करवत सुरू झाली की मोमीन सर बोलायचे थांबत,
बोट ओळीवर तसंच ठेवून.
कार्डांवर भुसा बसे. फुंकर मारून वाचायचो:
‘मला अमक्यानं सांगितलं, त्याला तमक्यानं,
त्याला त्याच्या मावशीनं, जी तेव्हा दारात उभी होती.’

मी शिवाजीनगर कोर्टातला निवृत्त शिरस्तेदार.
ऐकीव पुरावा ग्राह्य नाही,
छत्तीस वर्षं हेच ऐकलेलं.
म्हटलं, सर, एकाच वेढ्याच्या या चार हकिकती,
एकीत दरवाजा आतून उघडला, एकीत जळाला,
तुमच्या या बगदादवाल्यानं निकाल का दिला नाही?

हसले. ‘निकालाला काझी आहेत की.
हा कारकून. आलं ते आवकेत चढवायचं.
फक्त कुणाकडून आलं, ते नाव खोडायचं नाही.
तुमच्याकडे सनद म्हणजे इनामाचा कागद.
तिकडे सनद म्हणजे, पाठ टेकायला जे असतं ते.’
आणि भिंतीला टेकले,
जिचा चुना त्यांच्या सदऱ्यावर कायमचा.

त्यांची तारीख म्हणजे इतिहास. आमची, पुढची.
खबरेतली अक्षरं फिरली की बखर होते, असंही एकदा म्हणाले,
आणि लगेच, ‘हे ऐकलेलं आहे. कुणाकडून, आठवत नाही.
तेव्हा धरू नका.’

सर गेले मंगळवारी.
मला सांगितलं वखारीतल्या इद्रिसनं:
जिन्यात, हातात दुधाची पिशवी, त्यानं स्वतः उचललं.
मला सांगितलं झुबेदाबाईंनी, त्यांना त्यांच्या सुनेनं:
खुर्चीत, चष्मा डोळ्यांवर, पान उघडं.
सून त्या दिवशी सोलापूरला होती, इद्रिस म्हणतो.
डॉक्टरांच्या दाखल्यावर वेळ पहाटे चारची,
आणि इद्रिस वखार उघडतो आठला.

लाल पेन्सिल हातात आलीच, सवयीनं.
बराच वेळ धरून बसलो.

मग कोरं कार्ड घेतलं. दोन्ही लिहिलं, एकाखाली एक,
सांडलेलं दूध, उघडं पान,
सगळी नावं, सोलापूरसकट, दाखल्यासकट.
शेवटी, ते लोक लिहीत तसं: खरं काय ते देव जाणे.
आणि त्याखाली, एवढ्या नोकरीत कधी न लिहिलेली ओळ:
सांगणार दिगंबर केशव सुपनेकर,
ज्यानं यातलं काहीही पाहिलेलं नाही.