मुल्किया

ये मुहन्नद, आधी आत बसून बघ.
दार ओढू नकोस, नुसतं सोड.
ऐकलंस? धप्प.
एकोणऐंशी सालचं दार आहे,
अजून शब्द फिरवत नाही.

मी घेतली ब्याण्णवला, रुवीत,
कैरोला परत निघालेल्या एका मास्तराकडून.
आठशे रियाल, चार हप्ते.
शेवटचा त्यानं विमानतळावर मोजून घेतला.
त्याच्या तंबाखूचा वास गाडीत राहिला,
मीही घालवायच्या नादी लागलो नाही.

अकाउंटंटनं मर्सिडीज घ्यावी
हे ऑफिसात कुणाला रुचलं नाही.
हत्ती पोसायला घेतोयस, म्हणाले.
खोटं नव्हतं.
कार्बोरेटरनं एक अख्खा बोनस गिळला,
उरलासुरला रेडिएटरनं.
पण वादी कबीरला हुसेनमियां परकार होता, दापोलीकडचा.
हात आधी धुवायचा, मग बॉनेट उघडायचा,
आणि इंजिनाशी बाणकोटीत बोलायचा.

एकदा त्यानं सीट उसवली तर आत काथ्या.
नारळाचा काथ्या!
एवढ्या जर्मनीच्या पोटात
आमच्या सोडणाचा चिवटपणा.
उन्हात खुळ्यासारखे हसत बसलो दोघं.
'मंजे गाडी आपल्याकडचीच,' परकार म्हणाला
आणि त्या दिवसाची मजुरी घेतली नाही.

केतकी खौला हॉस्पिटलात जन्मली.
खरं तर मागच्या सीटवरच जन्मायला निघाली होती.
पाच वर्षांची असताना विचारलं, मर्सिडीज म्हणजे काय?
म्हटलं, एका मुलीचं नाव.
तिचा बाप गाड्या विकायचा, त्यानं लेकीचं नाव दिलं.
मग हिचं नाव केतकी का नाही?
म्हटलं, मी विकत नाही ना, म्हणून.

पुढची ती चांदणी.
तीन टोकं : जमीन, पाणी, आभाळ.
जमिनीवर ही चाललीच.
पाणी गोनूच्या साली आलं, वादी फुगली,
स्टिअरिंगपर्यंत चिखल.
परकारनं एकेक वायर
सुकटीसारखी वाळत घातली, तीन आठवडे.
आभाळाचं काय ते उद्या,
रात्री सव्वादोनचं विमान.

हे कार्ड बघ. मुल्किया.
आमच्याकडे मालकी म्हणतात.
मालक, मुलूख,
शब्द सगळे तुमच्याच घरून आलेले.
तेहतीस वर्षं घर भाड्याचं,
विजेचं मीटर घरमालकाच्या नावावर,
व्हिसा दोन दोन वर्षांचा.
अरबी अक्षरांत मला मालक म्हणणारा
हा एवढाच कागद.
पेडणेकरचा बेडनेकर झालाय,
तुमच्या लिपीत प नाही.
काउंटरवरचा पोलीस दुरुस्त करू का म्हणाला होता, कशानं करणार?
राहू दे म्हटलं. मालक लिहिलंयस ना.
दर जूनला पासिंग, शिक्का,
की पुन्हा एक वर्षभर मी बेडनेकर.

आता तुझं नाव लागेल.
तू घासाघीस केली नाहीस, बरं झालं.
मला जमली नसती.

एक खोड सांगून ठेवतो.
भर दुपारी थांबवलीस
तर किल्ली काढल्यावरही इंजिन लगेच मरत नाही.
चार-पाच आचके देतं,
खोकतं, धुमसतं,
कुणी बोलावलेलं नसताना.
परकारला ठाऊक होतं कुठला स्क्रू ते.
तो मागच्या रमजानात गेला.

तेव्हा घाबरू नकोस.
पुन्हा किल्ली लावू नकोस.
हात स्टिअरिंगवर ठेव, गप्प बस थोडा.
थांबते.
आपणहून थांबते ती.