उजवा गाल

मोन्तेविदेओत भेटणं म्हणजे गालाला गाल.
कचेरीत आम्ही बारा जण,
म्हणजे रोज सकाळी अकरा गाल
मी घेते, औषधासारखे.
सुल्माची पावडर, नेल्सनच्या दाढीचे खुंट,
कुणाचं तरी अत्तर,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरत नाही.

मग चहाचा भोपळा फिरतो,
एकच नळी, सगळ्यांच्या ओठांतून.
नको म्हटलं की माणूसघाणी.
‘पोट बिघडलंय’ हे एकोणीस वर्षं चाललंय.
बिचारं पोट!

खिडकीजवळची ट्यूब गुणगुणायची.
सांगितलं होतं मी. कुणालाच ऐकू येईना.
मंगळवारी ती मेली
आणि जमिनीचे जुने नकाशे उलगडता उलगडता
सुल्मा म्हणाली, आज डोकं किती हलकं वाटतंय गं!
हो की, म्हणाले सगळे.
मी गप्प.
टेबलाखाली बोटं नाचत होती, नाचू दिली.

त्रेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी शब्द दिला, ऑटिझम.
बसमध्ये तो जिभेवर घोळवत बसले,
चव कळेपर्यंत पाच थांबे मागे गेले.
तशीच उतरले नदीकाठी.
दक्षिणेचा वारा, लोक कॉलर वर करून पळत होते.
मी बटणं सोडून उभी.
सगळ्या अंगाला एकसारखा दाब,
वास नाही, प्रश्न नाही,
बदल्यात चेहऱ्यावर काही आणायचं नाही.

आज सकाळी मिल्टन आला, वाकला,
मध्येच थांबला.
टेबलाच्या कडेवर दोन बोटं टेकवली.
मीही टेकवली, माझ्या बाजूनं.

दहा.