भाड्याची भांडी

ग्रिम्सबीत, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर,
दर मंगळवारी सात ते साडेआठ
आम्ही भांडायला शिकतो.

हीटरला चिकटून बल्गेरियाचा पेत्को,
मग शिलान, कुर्दी, कायम कोटात,
मी दाइवा, लिथुएनियाची,
आणि एरिट्रियाचा तेस्फालेम, माझा नवरा.
सगळ्यांच्या हातांना हॅडक माशाचा वास.
पॉलीनबाई खिडकी उघडत नाहीत.
एवढ्यावरूनच कळतं, बाई चांगल्या आहेत.

आज एक झेरॉक्स. बारा वाक्यं.
"आय सी युवर पॉइंट."
पॉइंट म्हणजे मुद्दा, बाई सांगतात.
पेत्को वहीत सुरी काढतो.
आमच्या कामावर पॉइंट म्हणजे टोक,
ते दिसलं की माणूस एक पाऊल मागे सरतो.
बाई जरा थांबतात.
"तसं धरलंत तरी चालेल."

शिव्या कितव्या धड्यात, शिलान विचारते.
त्या वेगळ्या शिकवत नाहीत गं, बाई म्हणतात,
कुणी "विथ रिस्पेक्ट" म्हणालं
की समजायचं, आली.

मग पेत्को झाला सुपरवायझर, शिलान झाली शिलान.
काम अकरा तास, पगारात नऊ.
"आय थिंक देअर हॅज बीन अ मिस्टेक."
चूक झाली आहे.
कुणी केली ते वाक्यात नाही,
चूक आपोआप झालेली,
गवत उगवावं तशी.
सहा वेळा ती अडखळली.
सातव्यांदा असं काही गोड म्हणाली
की पेत्कोनं खुर्चीतून उठून
तिला दोन्ही तास देऊन टाकले.
खऱ्या सुपरवायझरकडे ती अजून गेलेली नाही.

घरी आमची भाषा एकच,
आणि ती दोघांचीही नाही.
माझे आईवडील भांडायचे
तेव्हा शब्द न बघता हाताला लागायचे,
पोचे आलेले, बुडाला काळे,
कितीही आपटा.
आम्ही दोघं भांडतो भाड्याच्या भांड्यांनी.
भांड्याला भांडं लागतं
आणि दोघंही आधी वाकून बघतो,
चीर तर नाही ना गेली,
डिपॉझिट परत मिळेल ना.

रविवारी रात्री कळलं,
बॉयलरसाठी ठेवलेले एकशेऐंशी पौंड
त्यानं कसालाला बहिणीकडे पाठवले.
मला न सांगता.
मी म्हटलं, "यू शुड हॅव टोल्ड मी."
शुड, हॅव, टोल्ड,
तिन्ही एका दमात, जागच्या जागी,
आणि एवढ्या संतापातही
मला क्षणभर स्वतःचं कौतुक वाटलं.

त्यानं तोंड उघडलं. मिटलं.
त्याच्या भाषेतलं काहीतरी घशापर्यंत येऊन
परत खाली गेलेलं मला दिसलं.
मग तो फ्रिजकडे वळला,
लोहचुंबकाखालचा कागद बोटानं वाचत गेला
सातव्या वाक्यापर्यंत.
"आय नीड अ मिनिट."
आणि दार उघडून बाहेर गेला.

मी घड्याळाकडे बघत उभी.
काचेपलीकडे त्याची वाफ,
तोही घड्याळाकडे बघत.
साठ सेकंद झाले
आणि तो आत आला,
वचन पाळल्यासारखा.

मी हसणार नव्हते.
बॉयलर थंड होता, बहीण तंबूत होती,
दोन्ही खरं होतं
आणि बारा वाक्यांत कुठेच नव्हतं.
मी म्हटलं, तेस्फालेम, मिनिट म्हणजे मिनिट नसतं रे,
एका मिनिटात कुणाचा राग जातो?

त्यानं पुन्हा कागद पाहिला.
विचार केला.
"देन आय नीड टू."

तो दाराशी पोचला तेव्हा
मी खुंटीवरचा कोट काढून
त्याच्या अंगावर फेकला.
जोरात.
त्याला काय म्हणतात
ते मंगळवारी विचारीन.