साटा

तीन पोळ्या लाटल्या, कागदासारख्या.
प्रत्येकीवर साटा :
तूप आणि तांदळाची पिठी, तळव्याने फेसून फेसून
थेंब पाण्यावर तरंगेल इतकी हलकी.
एकीवर एक, मग वळकटी, मग सुरी.
आईच्या कानवल्यांचं गणित जसंच्या तसं,
फक्त आत खोबरं नाही.
आत कोलंबी. आणि चीज.

चेंदणीच्या भानूने विचारलं होतं, कशात घालतोस?
पेस्ट्रीत, म्हटलं.
तिने वाट्यावरची माशी हाकलली. कशात?
कानवल्यात गं, तिखटाच्या.
मग असं सांग ना, म्हणाली,
आणि वाट्यात चार कोलंब्या वाढवल्या,
नंतर दोन परत काढल्या.

पाठीतला काळा दोरा एकेकीचा ओढून काढण्यात
पाऊण तास गेला.
लसूण, मिरची, हळद, चिमूटभर हिंग;
कढईत दोनच मिनिटं, आकडा वळेपर्यंत.
मग खिसणी घेतली, चिजाची वडी घेतली,
आणि पन्नाशीला आलेला माझा हात
थांबला.

आमच्याकडे मासळीच्या दिवशी
दुधाचं पातेलं शेजारी पटवर्धनांकडे जायचं.
घरात सगळ्यांना कोरा चहा,
पाहुण्यांनासुद्धा, कारण न सांगता.
कारण खिडकीशी तांदूळ निवडत बसलेलं असायचं,
लांब बाह्यांच्या पोलक्यात, भर मे महिन्यात.
शालन आत्या.
अकराव्या वर्षी मनगटावर एक ठिपका,
कण्येएवढा. मग कोपर. मग ओठांची कड.
सिव्हिलमधले डॉक्टर म्हणाले, खाण्याशी याचा संबंध नाही.
ते एकदाच म्हणाले.
घर रोज म्हणत राहिलं :
बांगड्यावर दूध प्यायली कार्टी.

सारण गार. पारी गोल. एक चमचा, जास्त नाही.
कडेला पाण्याचं बोट, दुमड,
आणि वरून कातणं, तेच, पितळी, एक दात पडलेलं,
म्हणून कडेच्या नक्षीत मध्येच एक बोळकं.
तेहतीस झाले.
पाचपाखाडीच्या या ओट्यावर एवढी माणसं कधी जेवत नाहीत,
पण साटा उरवायचा नसतो.
ओटीजीच्या काचेशी स्टूल ओढून बसलो.
पदर सुटू लागले, सावकाश,
जुन्या वहीची चिकटलेली पानं सुटावीत तसे.
चार फुटले. चीज ट्रेवर वाहून करपलं.
फुटलेले मी खाल्ले, उभ्यानेच.

पाचला खारकर आळीतून रिक्षाने आत्या आली,
आखूड बाह्यांत.
कलेक्टर कचेरीतून निवृत्त झाली त्याच आठवड्यात
सगळी लांब बाह्यांची पोलकी तिने बोहारणीला दिली होती.
बदल्यात एक चाळण घेतली.
चाळण अजून चांगली आहे, असं ती अधूनमधून सांगते.

ताटली पुढे केली आणि बोलून टाकलं :
आत चीज आहे आत्या. म्हणजे दूधच.
तिने एक उचलला.
हात आता सगळेच पांढरे, ठिपका कुठला ते कळत नाही.
मधोमध मोडला.
तार निघाली, लांबत गेली, हनुवटीला चिकटली.
चटका बसला. हसली.
मग पदराने हनुवटी पुसत,
मी प्यायलेच नव्हते रे, म्हणाली.
आई रोज विचारायची. आठव्या दिवशी हो म्हटलं.
त्या रात्री तिला झोप लागली.

मीठ कमी पडलंय, म्हणाली. दुसरा घेतला.
मला काय बोलावं सुचेना, म्हणून गॅसपाशी गेलो.
चहा ना? दुधाचा टाक,
असं पाठीमागून आलं. वळून पाहिलं
तर ताटलीतले पापुद्रे
ती ओल्या बोटाने टिपत होती,
एकही न सोडता.