होटगी रोडला, अम्माच्या पैशानं

नरसम्मा की नरसव्वा
या एका अक्षरावर अकरा वर्षं अडलेला फंड
एप्रिलात खात्यावर पडला
आणि अम्मा म्हणाली, चल, त्या विस्तवाच्या हॉटेलात.
बसमधून पाटी पाहिली होती तिनं.
आत माणसं टेबलावरच शेगडी घेऊन बसतात,
स्वतःचं स्वतः भाजतात
आणि वर पैसे देतात.

बाहेर त्रेचाळीस.
आत एसी, आणि एसीत निखारे.
सोलापुरात उन्हाळ्यात विस्तव विकतोय,
मालक धाडसाचा आहे, म्हणाली.

वाढायला आलेल्या पोराला
शेजारची कॉलेजची पोरं कोरियन समजून
टीव्हीवर शिकलेलं काहीतरी बोलली.
तोही वाकून हसला, पगारात बसतं तेवढं.
अम्मानं सरळ विचारलं, कुठला रे तू?
आयझॉल. नाव लालरिना.
किती दिवस लागतात?
तीन. गाड्या नीट मिळाल्या तर.
जेवलास का?
त्याचा चिमटा हवेतच राहिला,
बोकडाचा एक तुकडा एका अंगानं करपला.

मग वाट्या आल्या, नऊ.
मुळा, मोड, कसलं तरी काळं समुद्रातलं,
लाल आंबलेला कोबी,
आणि नवव्या वाटीत, मालकाची अक्कल,
शेंगाचटणी.
आठ वाट्या तिनं सोयरिकीला आल्यासारख्या चाखल्या.
कोबीला म्हणाली,
लोणचं व्हायच्या आधीच भांडून निघालाय घरातून.

लालरिनानं कात्री काढली.
मटणाला कात्री! मी दचकले.
अम्मानं हात पुढे केला, दे इकडं.
अंगठ्यावर धार बघितली,
खिळा ढिला आहे म्हणाली,
आणि कापायला लागली, तुकडा तुकड्याएवढा,
फर्मा न लावता.

सॅलडचं पान उलटं केलं, शिरा बघितल्या.
जास्त भिजवलंय.
देठ नखानं खुडला,
मटण, लसणाची पाकळी, लाल ठिपका,
आणि मी बघेपर्यंत
कडा आत, तोंड बंद.
माझ्या पानातून रस कोपरापर्यंत.
मी शाळेत गेले, ती म्हणाली नाही,
मीच म्हणाले, मनात.

पान संपलं. लालरिना आणखी घेऊन आला.
ह्याचे किती?
पानाला पैसे नाहीत, आंटी.
फुकट?
हो.
कितीही?
हो.
पस्तीस वर्षं कमी भरलेलं पान मोजून आणलं तिनं,
कमी पडलेलं बाजारातून विकत घेतलं,
हजाराचा भरणा केला, त्यातून छाट गेली.
ती त्या टोपलीकडं बघत बसली
आणि मग एक पानही जास्त उचललं नाही.

समोर रांग, सगळ्या एका मापाच्या.
तेवीस, ती म्हणाली. कट्ट्याला दोन कमी.
त्यातल्या दोन बाजूला सारल्या, ह्या छाटात.
चांगल्यातली एक लालरिनाच्या हातावर ठेवली.
मॅनेजरकडं पाठ करून खाल्ली त्यानं,
काही बोलला नाही.
छाटातल्या आम्ही दोघींनी.

प्रत्येक टेबलावर वरून एक नळी उतरलेली,
धूर पसरायच्या आधीच ओढून घेणारी.
हिला खर्च किती येतो रे?
त्याला ठाऊक नव्हतं.
चाळीस बायका होतो आम्ही त्या खोलीत,
खिडकी एक,
ती म्हणाली, मला नाही, नळीला.
मग खोकला आला. नेहमीचा. तो झाला.

बिल तिनंच दिलं, नोटा दोनदा मोजून.
अभिप्रायाच्या कागदावर
चव, सेवा, स्वच्छता, सगळं कोरं सोडलं.
नावापुढं मात्र लिहिलं,
सावकाश, बँकेत लिहावं तसं.

रिक्षात सात रस्त्यापर्यंत गप्प.
मग पदराचं टोक नाकाला लावलं.
धुराचा नाही. मटणाचा नाही.
तंबाखूचा तर नाहीच.
कशाचाच वास नाही गं, म्हणाली,
आणि पुन्हा एकदा हुंगून पाहिला.